भिंतीची जाडी

टेपचं एक टोक कुस्तोद धरतो,
दुसरं मी.
मधे कुडतरीचं हे घर,
आणि माझ्या बगलेत सरकारी फॉर्म,
ज्यात 'शैली' या रकान्याला
दीड इंच जागा सोडलेली आहे.

बल्कांवापासून सुरुवात केली.
पायऱ्या पाच. दोन्ही अंगांना सोपे,
बसून बसून मधे खोलगट झालेले.
"किती भरलं?" त्यानं विचारलं.
सहा फूट दोन.
"चार माणसं," तो म्हणाला.
"पाचवा आला की एकाला उठावं लागायचं.
उठायचा तो माझा बाप."

दिवाणखान्यात उजेड गाळून येतो,
पेजेवरच्या निवळीसारखा.
खिडक्यांना काच नाही, शिंपल्या आहेत,
तासून पातळ केलेल्या,
लाकडी खाचांत एकीवर एक सरकवलेल्या.
मोजल्या. एकशे ब्याण्णव.
सतरा नाहीत.
काहींच्या जागी बिस्किटांच्या डब्याचा पत्रा,
एके ठिकाणी एक्स-रे.
दुपारी तीनला कुणाची तरी बरगडी
लाद्यांवर येऊन पडते.

"एस्पेरांसची," कुस्तोद म्हणाला.
"खोकला होता. बरी झाली,
मग फिल्म कशाला फुकट घालवायची?"

लाद्या कुठल्या बंदरातून आल्या असतील
यावर मी एक टीप लिहिली.
भिंतीवर संगमरवराचा आव,
खोट्या शिरा, बहुधा कोंबडीच्या पिसानं ओढलेल्या.
त्यावर दुसरी टीप, जरा लांब.
मान वर केली तर तो उंबऱ्याशीच,
चपला बाहेर, टेपचं टोक आत.
"काम नसताना या खोलीत
आलो नाही कधी."
मग हे कामच आहे, मी म्हटलं.
तो आला.

मागे भाताचं कोठार.
त्यासाठी फॉर्मात रकाना नाही.
दिवाणखान्याची भिंत दोन फूट,
ही साडेतीन.
मी पुन्हा टेप लावली. साडेतीनच.
घरातला सगळ्यात पक्का चिरा इथं लागलाय,
बोटानं वाजवून निवडलेला,
आणि खाली वारा फिरावा म्हणून वीतभर पोकळी,
जिच्यात सध्या मांजरीची पिल्लं.
पाहुण्यांना रंग,
भाताला भिंत.
हे मी कुठंच लिहिलं नाही.

कोठाराच्या चौकटीवर कोळशाच्या आडव्या रेघा.
मुलांची उंची, मला वाटलं,
आणि वाकून नावं शोधू लागले.

"पाणी आहे ते," कुस्तोद म्हणाला.
"बांध फुटला त्या त्या सालचं.
ही रेघ माझी. ही बापाची.
त्या साली मानशीची फळी कुजली होती,
कुणी बघितली नाही. खारं पाणी शिरलं
ते तीन पावसाळे शेतातून गेलं नाही.
आणि ही वरची आज्याची.
माळ्यावर पालथा पडून, हात खाली सोडून ओढली म्हणे.
म्हणून वाकडी."

जमिनीपासून चार फूट आठ.
माझी हनुवटी.

'मालक' या रकान्यात
भाटकारांचं नाव आधीच छापून आलेलं,
पत्ता पोर्तुगालचा, पिनकोडसकट.
पुढं 'सध्याचा वापर'.
मी 'निवासी' लिहिलं.
मग कंसात 'मागील बाजू'.
मग कंस खोडला.

एस्पेरांस कोकमाचं पाणी घेऊन आली,
पेले मोजून तीन.
"यादीत घर लागलं
तर कौलं बदलायला देतील ना?
चुलीवर गळतं."
परवानगी घ्यावी लागेल, मी म्हटलं.
"कुणाची?"
मी पाणी प्यायले.

'शैली' अजून कोरीच होती.
मागची शेवटची भिंत राहिली होती, गोठ्याकडची.
टेप ताणलेली. आकडा वाचणार
एवढ्यात कुस्तोदनं नदीकडे बघितलं,
वास घेतल्यासारखं नाक वर केलं.
"भरती लागली. मानशीवर जायला हवं,"
आणि टोक सोडलं.

टेप सरसरत आली,
बोटाला लागली.