पाकळी

आमच्या देवळात कौल लावतात तेव्हा
भट देवीच्या दगडी अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो,
या खांद्यावर, त्या खांद्यावर,
गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे पापणी न लववता बसतात.
उजवी पडली तर हो.
डावी पडली तर नाही.
एकही पडली नाही तर घरी जाऊन पेज जेवून या.

मी सात वर्षांची असताना आईनं माझा कौल घेतला.
लोक विचारतात विहीर कुठे खणू, सोयरीक जुळेल का,
आईनं विचारलं,
पोरीचा हात असाच राहू दे का?
समईच्या तेलाचा वास आठवतो, भटाच्या पाठीवरचा घाम,
आणि एक पाकळी, अर्धी सुटून लोंबत राहिलेली.
मग पडली.
आईनं डावीकडे बघितलं.
भटानं तोंड उघडायच्या आत ती उठली,
मला बखोटीला धरून पायऱ्या उतरली.

जुन्या पोलक्याचा काठ फाडून
माझं डावं मनगट कमरेशी बांधलं.
आधी जेवणापुरतं, मग पाटीपुरतं,
मग काठ नसतानाही हात तिथंच राहायला लागला.
रागावली नाही कधी. गाठ सैल बांधायची.
फक्त सोडायची नाही.

उजव्या हाताला बांगड्याचे काटे कळत नसत.
महिन्यातून दोनदा घशात अडकायचा एखादा,
आणि आई कोरड्या भाताचा गोळा करून
माझ्या तोंडात घालायची,
न चावता गीळ, न चावता.
असं मी पुष्कळ काही गिळलं.

पलीकडच्या वाड्यावर कायतान राहायचा.
लग्नाकार्यात, लादाइनीला व्हायोलिन वाजवायचा,
एरवी छत्र्या दुरुस्त करायचा.
माझं कमरेला बांधलेलं मनगट बघून
तो हसला नाही. गज वर केला, म्हणाला,
हो हात बैल. ओढता आनी परत येता.
मग तारांवरची चार बोटं हलवली,
हो मालक.
पाद्रीनं त्याचा डावा छडीनं सुजवला होता,
तेव्हापासून त्यानं तो लपवला
सगळ्यांच्या समोर, हनुवटीखाली, सुरांत.
मला व्हायोलिन मिळालं नाही.
आमच्यात कोण देणार?

मला जाया मिळाल्या.
केळीच्या दोऱ्यात फाती विणते, चाळीस वर्षं.
कळ्या मांडायला उजवा, गाठ मारायला डावा,
हे कधी ठरलं मला माहीत नाही.
माझी गाठ उलटी पडते.
गिऱ्हाइकाला कळत नाही, देवीला चालते,
एकटी शालनबाय ओळखते बाजारात,
दुसऱ्याच्या पाटीतली माझी फाती बोटानं उचलून म्हणते,
ही तुझी. हिला उलटं बघायची सवय आहे.

गेल्या श्रावणात फाती द्यायला गेले तर
भटाचा मुलगा कौल लावायला शिकत होता.
मी उगाच विचारलं,
उजवी म्हणजे कुणाची उजवी रे?
देवीचीच की बाई, आणि कुणाची?

देवी आमच्याकडे तोंड करून बसलेली.

मी दूधवाल्याचे पैसे द्यायचे म्हणून घाईनं निघाले.
तळ्याच्या काठावर थोडा वेळ बसले मात्र.
त्या दिवशी आई कुठे उभी होती, खांबाच्या अलीकडे की पलीकडे?
तिनं कुणाची डावी बघितली?
भट असता तर विचारलं असतं, तो नाही.
आई आहे. हिशेब अजून तोंडपाठ सांगते,
कुणाच्या लग्नात किती नारळ लागले तेसुद्धा.
तिला मी विचारलं नाही.
विचारून ती काय करणार या वयात,
काठ सोडायला उठणार?

अजून पंक्तीत मी उजव्यानंच जेवते.
कुणी बोट दाखवावं असं काही नाही त्यात.
घरी बांगडा असला की
आईला तिचे काटे काढून देते,
ती डोळे मिटून आडवी झाली की
माझं ताट घेते, दार लोटते.
डाव्याला काटा दिसण्याआधी लागतो.