गुरुवारी पाणी येणार नाही

बुधवारी रात्री मी निळा ड्रम भरून ठेवते.
महापालिकेला जे दुरुस्त करायचं ते करू दे,
वीजवाल्यांनाही.
नऱ्ह्याच्या या गल्लीत गुरुवार म्हणजे बहुतेक
पंखा नाही, पाणी नाही,
शेजारच्या पावडर कोटिंगची भट्टी गार,
आणि मला सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन.

आठवड्यातलं एवढंच माझं.
बाकीचं विकलेलं:
सोमवार, बुधवार एलिमेंटरीच्या मुलांना
(भांड्याचा काठ लंबगोल काढा,
अरे लंबगोल, अंडं नाही),
मंगळवार खासनीसांच्या बालवाचनमालेला,
प पेरूचा,
पेरू जरा आनंदी हवा म्हणाले,
शुक्रवारी लग्नपत्रिकांवरचे गणपती.
"पाच मिनिटांचं तर काम आहे ताई,
एका रेषेतच काढायचाय."

पाच मिनिटं मला नीट माहीत आहेत.
जस्ताचा पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडला
की दोन मिनिटांत केस उगवतो,
पाच मिनिटांत दोरा,
बारा मिनिटांत सुतळी.
विसाव्या मिनिटाला रेषेचा काठ ढासळतो
जुन्या विहिरीसारखा.
बुडबुडे कबुतराच्या पिसाने हलकेच सारायचे.
इथे वेळेला खोली असते,
नखाने चाचपून बघता येते.

भाचीने वाढदिवसाला डायरी दिली होती,
तासातासाचे चौकोन पाडलेली.
जानेवारीभर भरली.
आता तिच्या पानांना शाईची बोटं पुसते.
कागद चांगला आहे.

दस्तगीर शेजारच्या शेडमध्येच राहतो
आणि भट्टी गार असते तेव्हाच दिवसा झोपतो,
खोके पसरून, भिंतीला पाठ लावून.
संक्रांतीपासून त्याला काढते आहे.
विचारलं तेव्हा म्हणाला,
काढा, पण उठवू नका.

तिसऱ्या गुरुवारी फोन आला.
कुणाची तरी आई. बी ग्रेड का?
बोलत बोलत शटरपर्यंत गेले, रेंज तिथेच येते,
आणि परत आले तेव्हा
दस्तगीरचं कोपर अ‍ॅसिडने खाल्लं होतं.
रेष ओढायला क्षणभर.
तो खड्डा खरवडून, घोटून सपाट करायला
चार गुरुवार.
त्या चार गुरुवारांचं बिल कुणाच्या नावे फाडायचं
ते मला अजून कळलेलं नाही.
(बी ग्रेड बरोबरच होती.)

गेल्या आठवड्यात ठसा काढला.
ओला कागद पत्र्यावरून सोलताना
श्वास धरायची सवय आहे, अठरा वर्षांची.
चांगला आला होता.
बनियनच्या चुण्या, उघडं तोंड,
खोक्यावरचा, वरची बाजू दाखवणारा बाण आडवा.
डबा खाऊन झाल्यावर दस्तगीरला दाखवला.

त्याने बराच वेळ पाहिलं.
मग उजवा खांदा चोळत म्हणाला,
"पण मी या कुशीवर नाय झोपत, मॅडम.
गन धरून धरून गेलाय हा खांदा."

ठसा उलटा येतो.
बटाटा कापून मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवते मी.
आणि अकरा गुरुवार खपून
एका माणसाला
दुखऱ्या खांद्यावर झोपवून ठेवलं.

असू दे, म्हणाला, झ्याक आहे. किती मिळतील याचे?
मी आकडा सांगितला, जरा वाढवूनच.
त्याने मनात काहीतरी भागाकार केला, गप्प राहिला.
मग म्हणाला, पुढच्या वेळी मीच त्या कुशीवर पडतो,
म्हणजे तुमच्या कागदावर बरोबर येईन.

नको, म्हटलं.
तू झोप तसाच.

नवा पत्रा घासायला घेतलाय.
बुधवार, रात्रीचे साडेअकरा.
खासनीसांचा पेरू अजून पुरेसा आनंदी नाही,
नळाला करंगळीएवढी धार,
ड्रम अर्ध्यावर.