चाळीस सील

जर्सीच्या पाठीवर अजून आहे
प्रधान ऑइल सील्स, रबाळे एमआयडीसी,
आणि खाली लँडलाइन नंबर. त्याचा शेवटचा आकडा
अकरा साली फणसवाडीच्या वळणावर
माझ्या कातड्यासकट खडकाला लागून गेला.
तसाही तो नंबर वाचून कोणी फोन केला नव्हता.
एकोणीस वर्षांत एकही ऑर्डर नाही,
हे प्रधान स्वतःच सांगायचे, चहा बशीत ओतताना,
आज वारा नाही म्हणावं तसं.

करार असा कधी झालाच नाही.
मी गेलो होतो फक्त एक सील मागायला.
पुढच्या फोर्कमधून तेल गळत होतं,
बाहेरून मागवायचं तर सहा आठवडे आणि पाव पगार.
त्यांनी व्हर्निअर काढला, नळी मोजली,
पुन्हा मोजली, चष्मा बदलून तिसऱ्यांदा.
"बत्तीस. उद्या ये."
उद्या सील तयार होतं, आणि प्रश्न:
"हे लावून तू नक्की करतोस काय?"
खारघरच्या डोंगरावर सायकल खांद्यावर घेऊन चढतो,
आणि खाली येतो.
"मग?"
मग परत चढतो.
बराच वेळ हसले. मग प्रेसच्या धडधडीत ओरडले,
"रेगेबाई, जाहिरात खात्यात याचं नाव लिहा!"

तेव्हापासून दर डिसेंबरात
एक पाकीट, दोन टायर, चार सील.
फेलिक्स डाबरेची मांडी मोडली त्या वर्षी
वाशीच्या हॉस्पिटलचं अर्धं बिल.
फोर्क मी बदलला नाही.
सील त्याच मापाचं मिळतं ना.

आता आम्ही तिघंच, फेलिक्स, अश्पाक मुकादम आणि मी,
तिघांच्या हाडांत मिळून चौदा स्क्रू.
वरच्या वयोगटात भिडू सहा,
त्यामुळे पदक मिळायला नुसतं उभं राहून
खाली पोचलं तरी बऱ्याचदा भागतं.

पोरं विचारतात, सुटताना काय वाटतं, काका?
पूर्वी काही वाटायचं नाही.
आता दगड न् दगड नावानिशी ओळखीचा:
हा मनगटाचा, हा गळ्याच्या हाडाचा,
तो पसरट कातळ अश्पाकच्या दोन दातांचा.
ब्रेकवर एकच बोट, गुडघे सैल,
नजर चाकावर नाही, पुढच्या वळणावर.
खाली सेक्टरांचे मनोरे उन्हात चकाकतात,
तिकडे बघायचं नाही.
बघितलंत की गेलात.

यंदा कारखाना विकला.
तिथे कुणाच्या तरी सर्व्हरांचं थंडगार गोदाम होणार.
मुलाला रबराचा वास सोसत नाही, म्हणाले प्रधान,
आणि मला त्याच्याशिवाय झोप लागत नाही.

एका एनर्जी ड्रिंकचा माणूस येऊन गेला.
जर्सी, हेल्मेट, महिन्याला चार व्हिडिओ,
सध्या एक वर्ष, मग रिव्ह्यू.
अश्पाकनं विचारलं, हाड मोडलं तर?
तो म्हणाला, ते उलट जास्त चालतं.

रविवारी शर्यतीला प्रधान आले. पहिल्यांदाच.
अठ्ठ्याहत्तर वर्षं, कानटोपी, मांडीवर खोका.
रिक्षावाला दोन सेक्टर चुकला,
ते उतरेपर्यंत मी खाली येऊन, चौथा येऊन,
पाणीसुद्धा पिऊन झालं होतं.
कितवा, हे त्यांनी विचारलं नाही.
हात गुडघ्यावर देत खाली बसले,
फोर्कच्या नळीवरून अंगठा फिरवला,
अंगठा उन्हात धरून पाहिला.
लाल धूळ. तेल नाही.
"गळत नाही," म्हणाले, स्वतःशीच.

खोक्यात चाळीस सील होती.
साचा भंगारात जाण्याआधीचा शेवटचा लॉट,
पावडर लावून, दहा-दहाच्या पुड्या बांधून.
"वर्षाला चार लागतात ना? मग झालं."
दहा वर्षं. मी तेव्हा अठ्ठावन्नचा.
फेलिक्स मनातल्या मनात स्वतःचं वय मिळवत होता,
ओठ हलताना दिसले.

मग त्यांनी मान वर केली.
"येता कुठून तुम्ही?"
मी बोट दाखवलं. टॉवरच्या खाली, करड्या सोंडेवरून,
ती बारीक रेघ दिसते ना, तिथून.
डोळ्यांवर हात धरून पाहत राहिले,
रिक्षाचं मीटर चालूच होतं.

"परत एकदा ये," म्हणाले, "मी बघतो."

मी सायकल खांद्यावर घेतली.