रात्र चौदा मिनिटांची

कयानीत नोव्हेंबरला साडेतीनलाच अंधार पडतो.
बंद पडलेल्या कागद गिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर
आम्ही चौघं एक बेट बनवतो आहोत.
तिथे कुणालाही काहीही फुकट मिळू नये,
एवढं एकच पहिल्या दिवशी ठरलं. बाकी सगळं रोज बदलतं.

भुकेचा आकडा माझ्याकडे.
दर मिनिटाला शून्य पूर्णांक आठ.
सातावर माणसं सुस्तावतात, किनाऱ्यावर नाचत बसतात,
नवावर एकमेकांच्या पिशव्या फाडतात.
सात आणि नवाच्या मध्ये कुठेतरी
शेजार असेल, असं मी म्हणाले.
यालमारी मान वर न करता म्हणाला,
इल्मा, दशांशचिन्हाच्या उजवीकडे
शेजारी राहत नाहीत.

भुकेला कोंडा चालतो,
निजेला धोंडा.
थंडीला काय चालतं?

माझा चुलत आजोबा कूह्मोच्या रानात ओंडके तोडायचा.
त्याच्याकडून ऐकलेलं:
एका ओंडक्यावर दुसरा ठेवायचा, आडवा,
मध्ये बोटभर फट.
त्या फटीत जाळ रात्रभर पडून राहतो.
भडकत नाही, विझत नाही,
आजारी माणसाजवळ कुणी बसावं तसा.
मी तो तीन दिवस लिहीत होते.
फट बोटभर ठेवली की धूर उलटा यायचा,
दीड बोट केली तर बर्फ आत.
आणि वरचा ओंडका जड केला, मुद्दाम,
एकट्याला उचलणार नाही इतका.
दोन टोकं, दोन माणसं.

कुणी करणार नाही, यालमारी म्हणाला.
ज्याच्या कमरेला कुऱ्हाड
त्याच्या समोरच्या टोकाला कोण उभं राहील?

चाचणीला चाळीस जण. तीन आठवडे.
कुणी केलं नाही.
एकेका काटकीशी फुंकर घालत मेले.
एकाने झोपडीला आतून सात कड्या लावल्या
आणि मांसाच्या एकतीस तुकड्यांवर
गारठून गेला.
त्याने आम्हाला तक्रार पाठवली: मांस उबदार का नाही?
आम्ही हसलो. मग मी घरी जाताना
नदीच्या पुलावर थांबले थोडी. वारा होता.

बुधवारी पहाटे नोंदी वाचत होते.
खारटमासा, चिलीहून.
कोणीही७, बुसानहून.
आदल्याच दिवशी एकाने दुसऱ्याचे बूट पळवलेले.
ओंडक्याच्या दोन टोकांना दोघं उभे,
कुऱ्हाडी हातात.
मग बूटचोर दोनदा खाली वाकला.
दोनदा वाकण्याचा अर्थ आम्ही
कुठेच लिहिलेला नव्हता.
समोरचाही वाकला. दोनदा.
कुऱ्हाडी जमिनीवर: वेळ दोन सतरा.
ओंडका उचलला: दोन अठरा.

बेटावरची रात्र चौदा मिनिटांची असते.
चौदा मिनिटं नोंदीत काही नाही.
कुणी हललं नाही, कुणी काही खाल्लं नाही,
दर पाच सेकंदांनी एकच ओळ,
ऊब स्थिर, ऊब स्थिर,
मी ती सगळी वाचली, एकशे अडुसष्ट वेळा,
कॉफी निवेपर्यंत, आणि निवल्यावरही.

उजाडलं.
खारटमाशाने कुऱ्हाड उचलली
आणि कोणीही७ला मारलं.
बूट परत घेतले.

यालमारीने वाचून खांदे उडवले,
म्हणाला, बघ.
मी बघितलं.
जाळ विझला दोन बत्तीसला.
घाव दोन तेहतीसला.
मधला तो एक मिनिट
कुणाच्या खात्यात टाकायचा
हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

भूक मी तशीच ठेवली, आठावर.
रात्र मात्र
कुणालाही न विचारता
दोन मिनिटांनी वाढवली.