डोंगर नसलेल्या गावाचं चित्र

तीस वर्षं मी नांदझरीच्या शाळेत
एकच चूक लाल पेनानं खोडत आलो.
पोरांना म्हटलं, आपलं गाव काढा,
की सगळ्या वह्यांत तेच: दोन त्रिकोणी डोंगर,
मधून अर्धा सूर्य, खाली उतरणारी नदी,
चारच्या आकड्यासारखे पक्षी.
अरे, कोठं आहे डोंगर?
मी खिडकी उघडून दाखवायचो.
पऱ्हाटीपासून आभाळापर्यंत सपाट,
उभं काय ते बुजगावणं
आणि नाल्याकाठची एक शिंदी.
छबू लोडे तिसरीत होती. म्हणाली,
"आहे जी गुर्जी. दिसत नाही. लय मागं आहे."
तिला दहापैकी चार दिले.

गाव उठलं तेव्हा बाकं गेली, घंटा गेली,
खिचडीचं पातेलंही कोणीतरी नेलं.
फळा कोणाला नको होता.
मी तो बंडीत घालून पुनर्वसनाच्या प्लॉटवर आणला.
त्याच्यावर आता गाव लावतो आहे.
काढत नाही, लावतो.

बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्यात काळी माती.
थर पातळ दिला की तडकत नाही,
म्हणून जाड दिला.
दुपारच्या उन्हात भेगा पडल्या, चैतात पडायच्या तशा,
पाय अडकेल इतक्या नाही, मुंगी अडकेल इतक्या.
कापूस सरकीसकट.
तेंदूचं एक पान, शिरा वर करून: गावच्या पांदणी.
पळसाचा रंग उकळून काढला,
दोन दिवसांत उडाला. गेला तर गेला,
ती जागा तशीच ठेवली.
विहिरीसाठी मात्र काही सापडेना.
बरेच दिवस तिथं नुसतं भोक होतं,
मग कळलं, भोकच पाहिजे.

आभाळ मी रंगवलं नाही.
फळा तीन रात्री अंगणात उताणा ठेवला.
सकाळी बोट फिरवून पाहिलं तर आभाळ आलेलं,
वीजघराच्या राखेचं, सगळीकडं सारखं.
माझ्या ब्रशानं असं कधी जमलं नसतं.

उरले डोंगर.
खाणीतून उपसलेल्या मातीचे. दोन, बरोबर दोन,
आणि सूर्य त्यांच्या मधूनच निघतो.
खोटं नाही सांगत, माझ्या ओट्यावर बसून पाहा.
तीन वाजताचा सुरुंग उडाला
की त्यांच्यावरून माती घरंगळते,
पिवळी, शंभर हात खालची,
जिनं कधी ऊन पाहिलं नव्हतं.
शेळ्या अजून चढत नाहीत.

छबू आली परवा, रात्रपाळी उतरून.
सात एकरांच्या बदल्यात नोकरी: डंपर चालवते.
हेल्मेट काखेत धरून फळ्यासमोर उभी राहिली,
आपलं घर शोधलं,
नाक लावून वास घेतला.
मग बुटाच्या खाचेतली पिवळी माती
नखानं कोरून काढली.
"घ्या. तुमच्याजवळ हे नसन."
म्हटलं, तूच लाव.
तिनं अंगठ्यानं दोन त्रिकोण केले,
न मोजता, तिसरीतल्यासारखे.
नाला काढायला बोट टेकवलं आणि थांबली.
"पहिले जाय तसा काढू, गुर्जी,
का आता वळवला तसा?"

लाल पेन अजून खिशात असतो माझ्या.
मी काही बोललो नाही.
डिंक वाळत चालला होता
आणि तिचं बोट तिथंच.