मधलं चाक

गावाचं नावच पेच, हंगेरीच्या दक्षिणेला,
आणि आमचं दुकान ऑर्गनदुरुस्तीचं.
चर्चमधल्या त्या थोरल्या वाद्यांच्या नळ्या
इथे येतात घसा बसलेल्या,
पोचे आलेल्या,
एकीत तर चिमणीचं घरटं होतं, अंड्यांसकट.

सिलार्द बाची (इकडे काकाला बाची म्हणतात)
नळीला ओठ लावतो
आणि नुसत्या फुंकरीवर सांगतो तिचं दुखणं.
पण तोच माणूस संगणकापुढे बसला
की लिंकवर थेट टिचकी मारायचा,
हातातलं पान घालवून बसायचा,
मग मागे, मागे, अजून मागे,
अंधारात भिंत चाचपत बटण शोधावं तसा.

मी म्हणाले, माऊसचं मधलं चाक दाबा.
लिंक मागच्या मागे उघडते,
आपण आहोत तिथेच राहतो.

हे त्याला फार आवडलं.
"आपण आहोत तिथेच राहतो," असं पुटपुटत
त्या आठवड्यात त्याने एकशे सतरा टॅब उघडले.

वरची पट्टी इतकी दाटली
की नावं गेली, उरली नखाएवढी चित्रं.
पोर्तुगालचा मेंढीच्या कातड्याचा व्यापारी.
कथलात शिसं किती घालावं, यावरची तीन भांडणं.
गुडघ्याचे व्यायाम, चार डॉक्टरांचे चार,
एकही न केलेला.
आणि कुठेतरी मधेच
फिनलंडमधल्या ओउलु गावाचं हवामान.

"बुकमार्क करा ना," मी म्हटलं, "खणात राहील."
"खणात माझं लग्नातलं घड्याळ आहे, बोग्लार्का.
सांग बरं, किती वाजलेत त्यात?"
दृष्टीआड सृष्टी.
मी गप्प बसले, डिंक ढवळत राहिले.

मग एका गुरुवारी त्याला कंट्रोल-डब्ल्यू सापडलं.
तण उपटणाऱ्याच्या हाताला चढते ना, तशी झिंग चढली,
हे जा, तेही जा, पोर्तुगाल जा,
आणि एकदम हात थांबला.
"ओउलु कुठंय?"

कोण राहतं तिथे, मी कधी विचारलं नव्हतं.
त्या दिवशीही नाही विचारलं.
एवढंच सांगितलं: कंट्रोल, शिफ्ट, टी.
मिटलेलं परत येतं. शेवटचं आधी.

"शेवटचं आधी?"
"हो, उलट्या क्रमाने."
"मग अगदी पहिलं यायला
किती वेळा दाबायचं?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.
तो दाबत गेला, मोजत.
कातडंवाला आला, कथिल आलं, शिसं आलं,
चारही गुडघे आले एकामागून एक,
नको असलेले दहा जण येऊन बसले आपापल्या जागी,
आणि अकराव्याला बर्फ.
उणे एकोणीस. वारा उत्तरेचा.
त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला,
आकडा तोच होता.

मी तो टॅब डावीकडे सरकवून पिन केला.
"याच्यावर फुली नाही," तो म्हणाला.
"पिन केलेल्यावर नसते."
"हं."

शुक्रवारी मी आले तेव्हा
तो एका हाताने ऑर्गनची चौकट धरून
डावा पाय हळूहळू उचलत होता,
पडद्यावर दुसऱ्या डॉक्टरचं पान.
दहा झाले. धापा टाकत खुर्चीत बसला,
तो टॅब मिटवला,
आणि मला म्हणाला,
"बघ, हा बंद केला नाही हं मी.
हा संपला."