डब्याचा तळ

मांकेसिमच्या बाजारात पाट्या रंगवतो मी.
अक्षरामागे दोन सेडी,
अक्षराला सावली हवी असेल तर आणखी अर्धा.
"येशू प्रभू आहे" इतक्यांदा लिहिलंय
की हात आता बघतही नाही.
न्हाव्याच्या दारावर, ट्रोट्रोच्या मागच्या काचेवर,
टायरवाल्याकडे, विगवालीकडे,
शवपेट्या करणाऱ्या क्वामिना अंसाच्या फळीवर तर दोनदा.
आमच्या फांटी भाषेत प्रभू या शब्दाच्या पोटात
धनी हा शब्द बसलेला आहे.
ज्याची वस्तू, तो.
लिहिताना हे कधी लक्षात आलं नव्हतं.

बुधवारी एकुआ बेंत्सिवाने बोलावलं.
ती गारी विकते, कसाव्याचा भाजलेला रवा,
ओलोंक्याने मोजून. ओलोंका म्हणजे पत्र्याचा डबा,
अख्ख्या बाजाराचा माप.
"तेच लिही," म्हणाली, "पण लाल. लांबून दिसलं पाहिजे."

ऊन टाळायला मी तिच्या पोत्यांमागे बसलो,
फळी मांडीवर.
'प्र' काढून झाला आणि मान वर केली
तर तिच्या हातात डबा उपडा.
तळाला आतून वर उठलेला पोचा,
हातोडीने ठोकून काढलेला, सुबक,
माझ्या तळहाताएवढा.
वरून शीग. खालून पोकळ.
मापात पाप म्हणतात ते
इतकं गोल असतं, माहीत नव्हतं.

तिनं पाहिलं की मी पाहिलं.
मी कुंचला बुडवायला खाली वाकलो,
आणि माझ्या डब्यातून रॉकेलचा वास आला.
अर्धा रंग, अर्धं रॉकेल.
दुसऱ्या पावसात माझा प्रभू गुलाबी होतो,
तिसऱ्यात नुसता डाग.
मग लोक पुन्हा मलाच बोलावतात.

'भू' ओला होता.
दोघंही बोललो नाही.
समोर कुणीतरी खारवलेल्या माशांवरच्या माश्या हाकलत होतं.

शनिवारी टिनवाल्याकडे ठोकाठोक ऐकू आली.
एकुआ उभी होती, डोक्यावर काही नाही,
डबा ऐरणीवर.
आख्खा बाजार बघत होता, आणि
ती कुणाकडेच बघत नव्हती.

त्यानंतर गारीचा भाव तिला वाढवावा लागला.
शेजारणींचे डबे होते तसेच, भाव होता तसाच.
गिऱ्हाईक बोटांनी हिशेब करतं, तळ चाचपत नाही.
तीन बाजार अर्धं पोतं परत घरी गेलं.
जावई म्हणाला, "आई, प्रभू रविवारी असतोच की.
बाजार बुधवारी असतो."
ती गारी चाळत राहिली. चाळणीतून
पांढरी धूळ तिच्या पायांवर.

मी एका संध्याकाळी न सांगता गेलो.
नवा डबा, बिनरॉकेलचा. घट्ट रंग, ओढताना मनगट दुखतं.
"पैसे?" तिनं विचारलं.
"पहिलेच घेतलेत," मी म्हणालो, "जास्त घेतलेत."
हे बोलायला मला किती दिवस लागले,
ते सांगत नाही.
आणि न्हाव्याकडे, टायरवाल्याकडे अजून गेलेलो नाही.
जाईन म्हणतो. रोज त्यांच्यासमोरूनच जातो.

तिचा ओलोंका पुरता सरळ झाला नाही.
पत्र्याला आठवण राहते.
तळाशी एक उंचवटा आहे, मधाच्या थेंबाएवढा,
बोट फिरवलं तरच कळणारा.
म्हणून ती माप भरते, शीग लावते,
पिशवीत ओतते,
आणि मग पोत्यात हात घालून
एक मूठ आणखी टाकते.

काल साल्टपाँडहून आलेल्या एका नव्या बाईनं विचारलं,
"ही कशाची?"
एकुआनं हात झटकले.
"डब्याला पोचा होता," म्हणाली.
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.